पावसातला घाट आणि एकटा सायकलस्वार

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीचे घाट हिरवे होतात, कड्यांवरून पाण्याच्या धारा कोसळू लागतात आणि सायकलची आवड असणाऱ्यांचे पाय स्वस्थ बसत नाहीत. पुणे, पौड, ताम्हिणी, माणगाव हा रस्ता अशा लोकांच्या विशेष आवडीचा. सुमारे १०० किलोमीटरांचा हा मार्ग मुळशीच्या तलावाच्या काठाकाठाने घाटमाथ्यावर येतो आणि दाट रानातून कोकणात उतरतो.

विद्यार्थी मित्रांनो, या लेखात आपण त्याच मार्गाने निघणार आहोत. मात्र आपल्या हाती हँडलऐवजी कागद-पेन्सिल असेल. आपल्यापुढे एक सायकलस्वार आहे. तो एकटा आहे. त्याचे वजन ६० किलोग्रॅम, डोंगरी सायकलचे १४ आणि पाठीवरील पिशवीचे ६. म्हणजे एकूण ८० किलोग्रॅम. सोबत कोणी नसल्यामुळे चूक झाली तर सावरायला माणूस नाही. त्याचे संरक्षण एकाच गोष्टीत आहे: पुढे काय होईल याचा अंदाज आधी बांधणे. पावसातल्या घाटातील बहुतेक धोके नशिबाचे नसतात, हिशेबाचे असतात. आणि हा हिशेब तुमच्या शाळेतल्या पदार्थविज्ञानापलीकडचा नाही, हे आता आपण पाहू.

पाऊस वाढत का जातो?

पुणे शहरात वर्षाला सुमारे ७० ते ७५ सेंटिमीटर पाऊस पडतो. आपला प्रवासी पौडच्या पुढे गेला की भातखाचरे दिसू लागतात, हवा ओलसर होते आणि ताम्हिणीच्या आसपास तर पाऊस थांबायचे नावच घेत नाही. येथे कित्येक वर्षी ५०० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अवघ्या ५०-६० किलोमीटरांत एवढा फरक कसा?

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात आणि वर चढू लागतात. वर हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे चढणारी हवा प्रसरण पावते आणि प्रसरणासाठी स्वतःचीच उष्णता खर्च करून थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटर चढाला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. हवा थंड झाली की तिच्यात पूर्वीइतके बाष्प मावत नाही. जादा बाष्पाचे थेंब बनतात आणि पश्चिमेकडील उतारावर व घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. डोंगर ओलांडून पूर्वेकडे उतरणारी हवा दाबली जाऊन पुन्हा गरम होते. तिच्यातील ढग विरळ होतात. पुणे या पर्जन्यछायेत आहे. महाबळेश्वरचा वार्षिक पाऊस सुमारे ६०० सेंटिमीटर आणि तेथून थोड्याच अंतरावर पूर्वेस असलेल्या पाचगणीचा त्याच्या एकतृतीयांशाइतकाही नाही, याचे कारणही हेच.

म्हणजे पुण्यात रिमझिम आहे म्हणून घाटातही रिमझिमच असेल, असा अंदाज करणे शास्त्राला धरून नाही. पश्चिमेकडे जाणाऱ्याने प्रत्येक दहा किलोमीटरांगणिक पाऊस वाढणार असेच धरून चालावे.

समोरचा वारा आणि तोंडावरचे थेंब

पावसाळ्यात वारे पश्चिमेकडून येतात आणि आपला प्रवासी पश्चिमेकडे चालला आहे. म्हणजे दिवसभर वारा तोंडावर.

समजा, तो सेकंदाला ५ मीटर (तासाला १८ किलोमीटर) वेगाने जात आहे आणि समोरून वाराही तितक्याच वेगाने येत आहे. मग त्याच्या दृष्टीने हवेचा वेग सेकंदाला १० मीटर झाला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा नसता तर हा विरोध सुमारे ८ न्यूटन असता. आता वेग दुप्पट, म्हणून विरोध चौपट, म्हणजे सुमारे ३२ न्यूटन होतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून केवळ हवा कापण्यासाठी लागणारी शक्ती ४० वॉटवरून १६० वॉटवर गेली. निरोगी, सवय असलेला माणूस तासन् तास सुमारे १०० वॉट शक्ती देऊ शकतो. तेव्हा १६० वॉटचा हट्ट धरला तर घाट येण्यापूर्वीच तो थकून जाईल. शहाणा सायकलस्वार अशा वेळी वेग कमी करतो, अंग वाकवतो आणि वाऱ्याशी भांडत नाही.

पावसाचे थेंबही तोंडावरच का येतात? हवेचा विरोध नसता तर एक किलोमीटर उंचीवरून पडणारा थेंब सेकंदाला १४० मीटर वेगाने आपल्या डोक्यावर आदळला असता! प्रत्यक्षात २ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ६.५ मीटर या कायम वेगाने खाली येतो. आपल्या सायकलस्वाराला तो उभ्या दिशेने ६.५ आणि समोरून १० मीटर अशा दोन वेगांनी येताना जाणवतो. आलेख कागदावर हे दोन वेग काढून बेरीज केली तर थेंब उभ्या रेषेशी सुमारे ५७ अंशांचा कोन करतो असे दिसेल. म्हणूनच टोपी असूनही चेहरा व छाती भिजते, पाठ मात्र बराच वेळ कोरडी राहते.

चिखलाची वाट, रुंद टायर आणि गिअर

तलावाच्या काठी डांबरी रस्ता सोडून आपला प्रवासी मातीच्या वाटेला लागतो. येथे डोंगरी सायकलची रचना उपयोगी पडते.

तिच्या मागच्या चाकावर सुमारे ४८ किलोग्रॅम भार येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम असेल, तर जमिनीला टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ सुमारे ४८ ÷ २ = २४ चौरस सेंटिमीटर येते. शर्यतीच्या सायकलचा टायर ६ किलोग्रॅम दाबाने फुगवलेला असतो. त्याचे हे क्षेत्रफळ केवळ ८ चौरस सेंटिमीटर भरेल. मऊ चिखलात तो सुरीसारखा रुततो. रुंद टायर भार पसरवतो आणि त्यावरचे रबराचे उंचवटे मातीत रोवून पकड घेतात. गुळगुळीत ओल्या डांबरावर मात्र या उंचवट्यांचा फायदा नाही. तेथे फक्त त्यांची टोकेच टेकतात.

आता चढ आला. दर १०० मीटरांना ८ मीटर चढणाऱ्या वाटेवर ८० किलोग्रॅम वस्तुमान मागे खेचणारे बल ८० × ९.८ × ०.०८ = सुमारे ६३ न्यूटन. त्यात चाकाचा व जमिनीचा विरोध म्हणून ८ न्यूटन मिळवले की ७१ न्यूटन होतात. हाती शक्ती १०० वॉट; म्हणून वेग १०० ÷ ७१ = सेकंदाला १.४ मीटर. हा चालण्याचाच वेग झाला.

साध्या सायकलला पुढे ४८ आणि मागे २० दाते असतात. पायडलचा एक फेरा पूर्ण झाला की मागचे चाक २.४ वेळा फिरते आणि सायकल सुमारे ५ मीटर पुढे जाते. या चढावर त्यासाठी ७१ × ५ = ३५५ ज्यूल कार्य एका फेऱ्यात करावे लागेल. पायडलचा दांडा १७ सेंटिमीटर लांब असेल तर पाय एका फेऱ्यात सुमारे १.०७ मीटर फिरतो. म्हणजे पायाने सरासरी ३३० न्यूटन, जवळजवळ ३४ किलोग्रॅम वजनाइतका जोर सतत द्यावा लागेल. ते काही मिनिटेच जमेल.

डोंगरी सायकलचा सर्वांत हलका गिअर लावला, पुढे २२ आणि मागे ३४ दाते, की एका फेऱ्यात सायकल १.३६ मीटरच पुढे जाते. आता एका फेऱ्याचे कार्य ९७ ज्यूल आणि जोर सरासरी ९० न्यूटन, म्हणजे सुमारे ९ किलोग्रॅम वजनाइतका. पाय सेकंदाला एक फेरा या सोयीच्या गतीने फिरत राहतात. गिअर ऊर्जा निर्माण करीत नाही. चढायची उंची तेवढीच, कार्यही तेवढेच. तो फक्त जोर कमी करून फेरे वाढवतो, आणि शरीराला हा सौदा परवडतो.

घाटमाथा: ऊर्जेची शिल्लक

ताम्हिणीच्या माथ्यापासून कोकणातील पायथ्यापर्यंत सुमारे ५०० मीटरांचा उतार आहे. माथ्यावर उभ्या असलेल्या आपल्या प्रवाशाजवळ किती स्थितिज ऊर्जा साठली आहे?

८० × ९.८ × ५०० = ३,९२,००० ज्यूल.

ही ऊर्जा केवढी, ते दुसऱ्या रीतीने पाहू. एवढ्या ऊर्जेने २५ अंश तापमानाचे सव्वा लिटर पाणी उकळीपर्यंत तापवता येईल. ज्या मुळशी तलावाच्या काठाने तो आला, त्या तलावाचे पाणीही असेच सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे नळांतून उतरते आणि १९२७ सालापासून तेथे वीज तयार होत आहे. सायकलस्वाराच्या वजनाइतके, म्हणजे ८० लिटर पाणी खाली आले, तर तेवढ्याच ऊर्जेवर ९ वॉटचा दिवा सुमारे १२ तास जळू शकेल (यंत्रातील घट सोडून).

पाण्याची ऊर्जा टर्बाइन घेते. सायकलस्वाराची ऊर्जा कोण घेणार? काही भाग हवा घेईल, थोडा रस्ता घेईल; उरलेली सगळी ब्रेकने घ्यायची आहे आणि तिची उष्णता करायची आहे. ब्रेकने ती घेतली नाही, तर ती गतिज ऊर्जेच्या रूपाने सायकलस्वारापाशीच राहील, म्हणजेच वेग वाढत जाईल.

डोंगरी सायकलच्या इतिहासात याचे मोठे बोलके उदाहरण आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मरीन परगण्यात १९७६ साली काही तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगर उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. साडेतीन किलोमीटरांपेक्षाही कमी अंतरात सुमारे ४०० मीटर उतार! त्या सायकलींचे ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असत आणि पायडल उलटे दाबल्यावर लागत. खाली पोहोचेपर्यंत तुंबा एवढा तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई. प्रत्येक उतरणीनंतर तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. यावरून त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे पडले. अशा अनुभवांतूनच चांगले ब्रेक, अनेक गिअर आणि मजबूत सांगाडा असलेली सायकल घडत गेली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या सायकलच्या शर्यतीला स्थान मिळाले.

ओला ब्रेक

आता लेखातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. ब्रेकचे रबर चाकाच्या कडीला, म्हणजे रिमला घासते. रिम ओली असली की दोघांमध्ये पाण्याचा पातळ थर येतो आणि घर्षण घटते. पोलादी, चकचकीत रिमवर साधे रबर असेल तर ओलेपणी ब्रेकचा जोर कोरड्याच्या एकदशांशापर्यंत उतरू शकतो. ॲल्युमिनियमच्या रिमवर घट कमी असते. शिवाय ब्रेक दाबल्याबरोबर तो लागत नाही. चाकाचे काही फेरे रिमवरचे पाणी पुसण्यातच जातात. तबकडीचा ब्रेक, म्हणजे डिस्क ब्रेक, चाकाच्या मध्याशी असतो. तेथे रस्त्यावरचे पाणी कमी पोहोचते आणि जे येते ते तबकडीच्या भोकांतून व दाबाखाली लवकर निघून जाते. म्हणून पावसात तो अधिक भरवशाचा.

समजा, आपला प्रवासी सेकंदाला ८ मीटर (तासाला सुमारे २९ किलोमीटर) वेगाने उतरत आहे आणि समोर रस्त्यात एक म्हैस उभी आहे. ती दिसून बोटे ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यातच सायकल ८ मीटर गेली. त्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × वेग घटण्याचा दर).

सपाट, कोरडा रस्ता असेल आणि ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंदाने घटत असेल, तर अंतर ६४ ÷ ८ = ८ मीटर. ओला ब्रेक चतुर्थांश जोराचा झाला, म्हणजे वेग घटण्याचा दर १ वर आला, तर अंतर ६४ ÷ २ = ३२ मीटर.

पण रस्ता सपाट नाही. शेकडा ८ च्या उतारावर गुरुत्वाकर्षण सायकलचा वेग दर सेकंदाला सुमारे ०.८ ने वाढवू पाहते. ते ब्रेकच्या कामातून वजा केले पाहिजे. कोरड्या ब्रेकचे ४ उणे ०.८, म्हणजे ३.२ उरतात, अंतर १० मीटर. ओल्या ब्रेकचे १ उणे ०.८, म्हणजे फक्त ०.२ उरतात, अंतर ६४ ÷ ०.४ = १६० मीटर!

येथे आपण हवेचा व रस्त्याचा विरोध धरलेला नाही. तो धरला तर हे अंतर जवळपास निम्मे होईल. तरीसुद्धा म्हैस त्याच्या फार अलीकडे आहे. आणि ब्रेकचा जोर एकदशांशावर आला, तर तो उताराच्या ओढीपेक्षाही कमी पडतो. मग ब्रेक पूर्ण आवळूनही सायकल थांबत नाही. कोरड्या सपाट रस्त्यावर ‘ब्रेक उत्तम आहेत’ अशी खात्री करून घेतलेला माणूस येथे फसतो. त्याचे ब्रेक बिघडलेले नसतात. उतार आणि पाणी हे दोघे मिळून त्यांचे काम खाऊन टाकतात.

उपाय काय? सूत्राकडेच पाहा. वेगाचा वर्ग येतो, म्हणून वेग निम्मा केला की अंतर चतुर्थांश होते. सेकंदाला ४ मीटर वेग असेल तर वरचे १६० मीटर ४० वर येतात. म्हणून घाट उतरताना वेग वाढू देऊन मग तो मारायचा नसतो. सुरुवातीपासून तो वाढूच द्यायचा नसतो. दर थोड्या वेळाने ब्रेक हलकेच दाबून रिम पुसून घ्यावी, म्हणजे खरी गरज पडेल तेव्हा पाणी पुसण्यात फेरे जात नाहीत. माथ्यावर थांबून ब्रेकचे रबर किती झिजले आहे तेही पाहावे. वाळू-चिखल मिसळलेले पाणी सँडपेपरसारखे काम करते आणि एका पावसाळी दिवसात रबर बरेच झिजवते.

वळणावर

वळण घेताना सायकल आत वळते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. घर्षण जेवढे, तेवढाच वेग चालतो. १२ मीटर त्रिज्येच्या आवळ वळणासाठी हिशेब असा येतो:

कोरडे डांबर (घर्षणांक सुमारे ०.७): सेकंदाला ९ मीटर, तासाला ३२ किलोमीटर.
ओले डांबर (सुमारे ०.३५): सेकंदाला ६.४ मीटर, तासाला २३ किलोमीटर.
शेवाळ किंवा चिकणमाती (सुमारे ०.१): सेकंदाला ३.४ मीटर, तासाला १२ किलोमीटर.

घाटात झाडांच्या सावलीखाली रस्त्याच्या कडेला शेवाळ असतेच. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी जाळ्याही ओल्या झाल्या की निसरड्या होतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टायरजवळ घर्षणाची शिदोरी एकच असते. ती ब्रेकसाठी खर्च केली तर वळण्यासाठी उरत नाही. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात शक्यतो नाही.

रस्त्यावरून वाहणारे पाणी

घाटात ओढे रस्त्यावरून वाहताना दिसतात. ‘गुडघाभरच तर पाणी आहे’ असे म्हणून माणूस त्यात शिरतो. हिशेब करू.

पाणी अर्धा मीटर खोल आहे आणि सेकंदाला २ मीटर वेगाने वाहते आहे. दोन पायांचे पाण्यातील समोरचे क्षेत्रफळ सुमारे ०.१२ चौरस मीटर. पाण्याचा रेटा = ½ × घनता × क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग = ½ × १००० × ०.१२ × ४ = २४० न्यूटन. आता त्याला धरून ठेवणारे घर्षण पाहू. वजन ६० किलोग्रॅम. पाण्याची उद्धारक शक्ती ११ किलोग्रॅम वजनाइतका भार उचलून धरते, म्हणून तळावर भार ४९ किलोग्रॅम, म्हणजे ४८० न्यूटन. ओल्या खडकावर घर्षणांक ०.४ धरला तर घर्षण १९२ न्यूटन. २४० विरुद्ध १९२! पाय सुटणार, हे कागदावरच ठरले. सायकल पाण्यात टेकली तर रेटा आणखी वाढेल.

पाणी एकाएकी का वाढते? समजा, ओढ्याच्या पाणलोटाचे क्षेत्र १ चौरस किलोमीटर आहे आणि वर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडतो आहे. तासाभरात तेथे ५०,००० घनमीटर पाणी जमते. बेसॉल्टचा खडक आणि आधीच भिजलेली जमीन ते फारसे शोषून घेत नाही. सगळेच वाहून आले तर सेकंदाला जवळजवळ १४ घनमीटर, म्हणजे १४,००० लिटर पाणी! तुम्ही उभे आहात तेथे पाऊस थांबलेला असला, तरी वर पडलेले पाणी नंतर पोहोचते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात अचानक वाढलेल्या पाण्याने एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते एकटे नव्हते. तरीही वेळ मिळाला नाही.

म्हणून नियम एकच: तळ दिसत नसेल, किंवा पाणी गुडघ्याला लागत असेल, तर थांबा किंवा परत फिरा. असे ओढे चढतात तसे पाऊस ओसरल्यावर काही तासांत उतरतातही.

थंडीचा छुपा धोका

आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा सुमारे चतुर्थांश भागच कार्यासाठी वापरतात. उरलेल्याची उष्णता होते. चढावर १०० वॉट शक्ती देणारे शरीर ३०० वॉट उष्णता निर्माण करीत असते. म्हणून भिजूनही थंडी वाजत नाही. उतार लागला की पाय थांबतात आणि उष्णता सुमारे १०० वॉटवर येते. त्याच वेळी वारा वाढतो आणि ओल्या कपड्यांतील पाण्याचे बाष्पीभवन होऊ लागते. एक ग्रॅम पाण्याचे बाष्प होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. तासाभरात २५० ग्रॅम पाणी उडाले, तर ६०० किलोज्यूल, म्हणजे सरासरी १६७ वॉट उष्णता जाते. सगळी शरीराकडूनच जात नाही, पण मिळकत १०० आणि खर्च त्याहून अधिक, हे स्पष्ट आहे.

अशा वेळी शरीर हातापायांचा रक्तपुरवठा कमी करते. बोटे बधिर होतात. आणि ब्रेक दाबायचे काम याच बोटांचे! म्हणून उतरण्यापूर्वी माथ्यावरच कोरडा सदरा व वारा अडवणारे जाकीट घालावे, काहीतरी खावे आणि बोटे चोळून गरम करावी. अंग थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले, तर प्रवास थांबवून आसरा गाठणे हाच उपाय.

एकट्याने जाणे

सोबती असला की तो मदत आणतो, चुकीचा निर्णय घेताना हटकतो. एकट्याला ही उणीव तयारीने भरून काढावी लागते. मार्ग आणि परतण्याची वेळ घरी लिहून ठेवणे, घाटात मोबाइलला रेंज नसते हे गृहीत धरणे, ११२ हा मदतीचा क्रमांक आणि शिट्टी जवळ ठेवणे, अंधारापूर्वी गाव गाठणे या गोष्टी त्यात येतात. शाळेतल्या मुलांनी पावसात घाटात एकट्याने जाऊच नये. अनुभवी मोठ्या माणसांबरोबर जावे आणि हिशेब मात्र स्वतः करावा.

करून पाहा

१. सायकल उलटी उभी करा. मागच्या ब्रेकच्या दांडीला पाण्याची भरलेली बाटली दोरीने टांगा, म्हणजे जोर प्रत्येक वेळी सारखा राहील. बाटली हाताने वर धरून चाक ठरावीक वेगाने फिरवा, मग बाटली सोडा आणि चाक किती फेऱ्यांत थांबते ते मोजा. नंतर रिमवर सतत पाणी ओतून हाच प्रयोग करा. बोटे आऱ्यांपासून दूर ठेवा.

२. जुन्या टायरचा तुकडा फरशीवर ठेवून फरशी हळूहळू तिरकी करा. तुकडा घसरू लागेल त्या क्षणी फरशीच्या वरच्या टोकाची उंची भागिले आडवे अंतर म्हणजेच घर्षणांक. कोरडी, ओली व शेवाळलेली अशा तीन फरशा घ्या आणि मिळालेल्या आकड्यांवरून वरचा वळणाचा हिशेब पुन्हा करा.

३. वर्गातील पाच सायकलींच्या पुढच्या-मागच्या दात्यांची संख्या मोजा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते आधी गणिताने काढा, मग मैदानावर मोजून ताडून पाहा.

प्रश्न

१. सायकल व स्वार मिळून १०० किलोग्रॅम असतील, तर ५०० मीटरांच्या उतारावर किती ऊर्जा ब्रेक, हवा आणि रस्ता यांना घ्यावी लागेल?

२. ओढ्याच्या पाण्याचा वेग २ ऐवजी १ मीटर प्रति सेकंद असता, तर पायांवरचा रेटा किती झाला असता?

३. शेकडा ८ ऐवजी शेकडा ४ चा उतार असता, तर ओल्या ब्रेकने (दर १) सेकंदाला ८ मीटर वेगाची सायकल किती अंतरात थांबली असती? हवेचा विरोध धरू नका.

उत्तरे: १) ४,९०,००० ज्यूल. २) ६० न्यूटन. ३) सुमारे ५३ मीटर.